ही माझी गाडी नव्हे

आधीच सांगून टाकतो, मी चटकन कुणाला मानणारा माणूस नाही. माझा धंदा वायरमनचा. रोज लोकांच्या भिंती उघडायच्या आणि आधीच्या महाभागाने आत काय उद्योग करून ठेवलेत ते बघायचं, असं माझं आयुष्य चाललंय. त्यामुळे माणसाच्या हातावरचा माझा विश्वास कधीच उडालेला आहे. बायको म्हणते, तुमचं नाक श्वास घ्यायला कमी आणि मुरडायला जास्त वापरलं जातं. म्हणू दे. पण असा मी एका बाईच्या कामापुढे तोंडात बोट घालून उभा राहिलो, आणि ती बाई म्हणजे माझी सख्खी मोठी वहिनी.

वहिनी केक करते. घराच्या मागच्या खोलीत स्टीलचं टेबल, भिंतीला लावलेल्या लहानमोठ्या पात्यांच्या सुऱ्या, दोन ओव्हन आणि मधोमध तो गोल फिरणारा पाट. लग्नाचे, बारशाचे, कुणाच्या निवृत्तीचे असे उंच उंच केक ती उभे करते. आतला केक कधी एका बाजूला बसलेला असतो, कधी साच्यातून काढताना त्याचा कोपरा तुटलेला असतो. वहिनी ढिम्म. क्रीमचा जाड थर देते, सुरी गरम पाण्यात बुडवते, पाट एकदा सावकाश फिरवते आणि कड अशी सरळ येते की बघणाऱ्याला आतल्या भानगडीचा पत्ता लागत नाही. "क्रीम सगळं पोटात घेतं, भाऊजी," हे तिचं ठरलेलं वाक्य. या वाक्यानेच पुढे तिचा घात केला, पण ते नंतर.

तिचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, ते घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद झालं, एकटं राहणं जमेना, तेव्हा ते लेकीकडे राहायला आले. येताना एक ट्रंक, डोळ्याला लावायचं भिंग आणि एक गाडी घेऊन आले. गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. दोनच माणसांची, लांब नाकाची, कापडी टपाची, जमिनीला पोट टेकवून बसलेली स्पोर्ट्स कार. घड्याळजीने असली गाडी घ्यावी हे त्यांच्या तरुणपणी कुणालाच पटलं नव्हतं. पटलं होतं ते फक्त अण्णांना. इकडे आली तेव्हा ती दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणावी लागली. इंजिन कधीच गेलेलं. मूळचा लाल रंग उन्हाने उडून विटकरी-गुलाबी-पांढरा असा काहीतरी झालेला, चाकांवरच्या पत्र्याला गंज, बॉनेट पोच्यांनी भरलेलं. फाटकाजवळच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली झोपून होती.

अण्णांचं विसरणं हळूहळू वाढत गेलं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. वहिनीला ते कधी लेक म्हणून हाक मारायचे, कधी "अहो बाई" म्हणायचे. एक गोष्ट मात्र विसरायचे नाहीत. दुपारचा चहा झाला की शेडमध्ये जायचे, ताडपत्री उचलायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "ही माझी गाडी नव्हे. माझी लाल आहे. माझी कुणीतरी नेली."

समजावून काही उपयोग नव्हता. मग ते गाडी शोधायला निघायचे. वहिनी हातातलं काम टाकून मागे धावायची आणि कोपऱ्यावरून त्यांना परत आणायची. पण एकदा तिच्या नजरेतून ते सुटले. सापडले तेव्हा पार मोठ्या चौकात, पायात घरातल्या सपाता, आणि सिग्नलला थांबलेल्या एका लाल गाडीच्या काचेवर टकटक करत होते. मागून ट्रक येत होता. एका फुलवालीने त्यांना हाताला धरून बाजूला ओढलं, म्हणून वाचले.

त्या संध्याकाळी दादा म्हणाला, "आता फाटकाला कुलूप लावू या." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मितभाषी माणूस, बोलतो तेव्हा ठरवूनच बोलतो. मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला तेच शहाणपणाचं वाटलं.

वहिनी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "स्वतःच्या बापाला कोंडून ठेवू?" एवढंच विचारलं. मग हात पुसत ती म्हणाली, "थंडी सरेपर्यंत थांबा. गाडी मी लाल करते. त्यांना ती ओळखू आली नाही, तर कुलूप मी स्वतः आणीन."

मी म्हटलं, "वहिनी, ती गाडी आहे. वाढदिवसाचा केक नाही."

"माहीत आहे. केकला चाकं नसतात."

गॅरेजवाल्याला विचारून झालं होतं. तो गाडी आपल्याकडे घेऊन जाणार आणि कधी परत देणार ते सांगणार नव्हता. शेड रिकामी दिसली असती तर अण्णांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा जे करायचं ते तिथेच, घरी. इंजिनाकडे तर बघायचंच नव्हतं. गाडी चालायला नको होती, दिसायला हवी होती.

सुरुवात धुण्यापासून झाली. वहिनी जुना दातांचा ब्रश घेऊन काचेच्या रबरातलं शेवाळ काढत बसली तेव्हा मला वाटलं, हिचा उत्साह आठवडाभर टिकला तरी पुष्कळ. बंपरवरचा गंज तिने ओव्हनमध्ये वापरायच्या चंदेरी कागदाचे बोळे ओले करून घासला. त्या गंजाखालून आरशासारखा बंपर निघाला आणि त्यात माझं वाकडं तोंड दिसलं. दिवे मी घेतले. बाकी कशात मला विचारलं नाही, मीही नाक खुपसलं नाही. म्हणजे फारसं नाही.

मग आले पोचे. ते भरायला पुट्टी असते. दोन डब्यांतलं कालवायचं, की काही मिनिटांत घट्ट होऊन दगड बनतं. वहिनीने पहिल्यांदा कालवली, पात्यावर घेतली, नाकाशी धरली आणि म्हणाली, "वास सोडला तर आपलंच क्रीम आहे." आणि मग तिने जे केलं ते बघत राहावं असं होतं. चाकांच्या छोट्या स्टुलावर बसून ती गाडीभोवती फिरत होती. पाट फिरत नाही तर आपण फिरायचं, एवढाच काय तो फरक. मनगट हलत नव्हतं, अख्खी बाई सरकत होती. संध्याकाळपर्यंत त्या खड्ड्याखुड्ड्यांच्या बॉनेटवर एक सलग, गुळगुळीत, उतरती पाठ तयार झाली. मी हात फिरवून पाहिला आणि काही बोललो नाही. बायकोने नंतर विचारलं, तब्येत बरी आहे ना.

पंधरवडा गेला. दिवसा ऊन, पहाटे कडाक्याची थंडी. एके सकाळी वहिनीने मला बोलावलं. बॉनेटभर तडे गेले होते. चाकावरच्या पत्र्यावर तर अख्खी पुट्टी खपलीसारखी उचलली गेली होती. मी रंगाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला आणलं. त्याने नखाने एक खपली उचलली, तिची जाडी बघितली आणि विचारलं, "बोटभर थर? ताई, खालचा पत्रा आधी ठोकून सरळ करायचा असतो. पुट्टी फक्त शेवटचा हात. पातळ. अगदी कागदासारखी."

क्रीम सगळं पोटात घेतं. पुट्टी घेत नाही. आयुष्यभर ज्या हाताने तिला जगवलं त्याच हाताने दगा दिला होता. आणि तो जाड थर मलाही पसंत पडला होता.

मला वाटलं, आता संपलं. वहिनीने एक खपली हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमची ती हीट गन द्या." वायरींवरच्या नळ्या गरम हवेने आवळायला मी ती वापरतो. तिने ती तडकलेल्या पुट्टीवर धरली, पुट्टी नरमली की छिन्नीने खरवडली. दोन्ही पत्रे पार उघडे केले. दारांवर थर मुळातच पातळ होता, तो तडकला नव्हता, म्हणून ती राहिली. मग आतून लाकडी हातोडा आणि बाहेरून मी धरलेली वाळूची पिशवी, असं आम्ही एकेक पोचा काढला. माझे हात सुन्न व्हायचे. ती म्हणायची, "नीट धरा, फिरायला नाही आलात." ऑर्डरी चालूच होत्या. सकाळी केक, दुपारी गाडी. तिच्या बोटांची सालं निघाली होती आणि केकला हात लावताना ती मोजे घालायची.

या सगळ्या काळात अण्णा रोज यायचे. "ही कुणाची?" विचारायचे. वहिनी सांगायची, "एका गिऱ्हाइकाची. दुरुस्तीला आलीय." मग ते लगेच दोन पावलं मागे सरायचे. दुरुस्तीला आलेल्या वस्तूला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. स्टूल घेऊन बसायचे आणि तिच्या हातांकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा. कुणाकडे शिकलात?" वहिनी म्हणाली, "घरीच." आणि परत घासायला लागली.

पुट्टी पातळ झाल्यावर घासणं आलं. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक. वहिनी डोळे मिटून तळहात फिरवायची. मला सपाट वाटणाऱ्या जागी थांबायची आणि म्हणायची, "इथे बसलंय." मी बॅटरी आडवी धरून बघायचो, तर तिथे खरोखरच सावलीची बारीकशी रेघ असायची. मी अनेक कारागीर पाहिलेत आणि बहुतेकांना मनातल्या मनात शिव्या दिल्यात. हिला मात्र देता येईना. एका दुपारी तिला तसं डोळे मिटून हात फिरवताना पाहिलं आणि मला चक्क भीती वाटली, देवळात वाटते तशी.

रंगाचं काय केलं ते तर मी कुणालाही सांगतो. मूळ लाल रंग डिकीच्या रबराखाली पट्टीभर शिल्लक होता, पण तोही म्हातारा झालेला. त्यावरून रंगाच्या दुकानात वेगवेगळे लाल बनवून घेतले. कुठला खरा, ते आम्हाला सांगता येईना; मला तर सगळे सारखेच दिसत होते. वहिनीने केकचे जुने पत्र्याचे साचे पालथे घालून एकेकावर एकेक लाल मारला आणि जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले. कुणाला काही बोलली नाही. अण्णा आले, जेवले, साच्यांवरून नजर फिरली, उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हात धुऊन येताना ते थांबले. एक साचा उचलला, खिडकीशी नेला, तिरका धरून पाहिला. मग तो काखेत मारला आणि आपल्या खोलीत घेऊन गेले. रात्री उशाशी ठेवून झोपले. वहिनीने मला फोन केला, "लाल सापडला," एवढं म्हणाली आणि ठेवला.

प्रायमरचा राखाडी हात झाला आणि रंगाचा दिवस उजाडला. दादा अण्णांना घेऊन दिवसभरासाठी बाहेर गेला. आम्ही शेडला चारी बाजूंनी प्लास्टिक लावलं, धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारलं, तोंडाला मास्क बांधले. कॉम्प्रेसर भाड्याचा, रंग फवारायची बंदूक भाड्याची. वहिनीने आधी एका मोडक्या कपाटाच्या दारावर हात बसवून घेतला होता. केकवर रंग उडवायची छोटी बंदूक ती वर्षानुवर्षं वापरतेय, पण ही तिच्या तिप्पट. तरी तिने सुरुवात केली आणि तो हात थांबलाच नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकाच अंतरावरून, एकाच चालीने. पहिला हात लाल धुक्यासारखा बसला. दुसऱ्याने पत्रा भरला. तिसऱ्याने तो ओला, खोल, जिवंत लाल झाला आणि त्यात प्लास्टिकच्या पडद्याची प्रत्येक घडी दिसायला लागली. कुठे ओघळ नाही, कुठे कोरडा डाग नाही. मी वायर सांभाळत उभा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रंगाच्या वासाने आलं नव्हतं. मी इतकी वर्षं जगलो, पण माणसाच्या हातून असंही काही होऊ शकतं, यावर माझा विश्वास त्या दिवशी बसला.

नंतर लॅकरचा चमकदार थर, मग रबिंग, मग पॉलिश. सीटांचं भेगाळलेलं चामडं साबणाने पुसून, मलम चोळून मऊ केलं. टपाचं कापड नवं शिवलं. थंडी सरत आली होती.

एका दुपारी चहा झाल्यावर वहिनीने अण्णांना हाताला धरून शेडमध्ये आणलं. दादा होता, मी होतो. ताडपत्री दादाने ओढली.

अण्णा बघत राहिले. मग पुढे गेले. बॉनेटवर हात ठेवला, तो दिव्यांपर्यंत नेला, परत आणला. चेहरा असा उजळला की मी दादाच्या पाठीवर थाप मारली. ते गाडीभोवती सावकाश फिरू लागले. ड्रायव्हरच्या दारापाशी वाकले, हँडलच्या खाली तळहात लावला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. परत तिथेच आणला. आणि चेहरा विझला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण ही माझी गाडी नव्हे."

दादाने डोळे मिटून घेतले.

"अण्णा, लाल आहे की," वहिनी म्हणाली. "तीच आहे. नीट बघा."

"माझ्या गाडीला इथे पोचा आहे," अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले, दुसऱ्याचं घड्याळ आपलं म्हणून मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसे. "माझ्या मुलीने पाडलाय. सायकल शिकत होती. ही दुसऱ्या कुणाची तरी आहे." आणि ते फाटकाकडे वळले.

वहिनी पांढरीफटक पडली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, हीट गन."

"वहिनी, वेड लागलंय का तुला? उद्या बघू. त्यांना उद्या आठवणारही नाही."

"सगळ्यात आधी मी तोच भरला होता," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. लहानपणापासून मला तो बुजवायचा होता."

मी गन दिली. काय करणार? तिने ती त्या दारावर धरली. महिनोन् महिने घासून, चोळून आरसा केलेला तो लाल माझ्या डोळ्यांदेखत फुगला, सुरकुतला, त्याला फोड आले. तिचा हात मात्र रंग मारताना होता तितकाच स्थिर होता. छिन्नी लावली, पुट्टीचं एक सालपट निघालं, मग दुसरं. आवाज ऐकून अण्णा फाटकाशी थांबले, परत आले आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. तळहाताएवढी जागा उघडी झाली. मधोमध, नागड्या पत्र्यात, सायकलच्या हँडलच्या टोकाएवढा खोलगट पोचा.

अण्णांनी त्यात अंगठा ठेवला. तो तिथे बरोबर बसला. असा बसला की तो तिथे किती वेळा ठेवला गेला असेल, ते कुणाला विचारावं लागू नये.

"हं," ते म्हणाले. "हीच."

अंगठा तसाच ठेवून ते बोलत राहिले. "गॅरेजवाले दर वेळी विचारायचे, बुजवू का. मी नाही बुजवू दिला."

"का?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"पोर भिऊन कपाटात जाऊन बसली होती. दिवसभर बाहेर आली नाही, जेवली नाही. मी म्हटलं, हा बुजवला तर तिला वाटेल, केवढा मोठा गुन्हा झाला. राहिला तर रोज दिसेल तिला, की अण्णांचं काही बिघडलं नाही." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "बाई, ती आली की तिला सांगाल? मी रागावलो नव्हतो."

वहिनी छिन्नी हातात धरून जमिनीवर बसली होती. तिने मान हलवली. "सांगते," म्हणाली. "तिला रोज दिसायचा तो, अण्णा. तिला वाटायचं, तुम्ही तिची चूक विसरत नाही म्हणून ठेवलाय."

"छे," अण्णा म्हणाले. त्यांनी दार उघडलं, आत बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि पलीकडची सीट थोपटली. "या, बसा. दमलात तुम्ही."

ती पलीकडून जाऊन बसली.